हाफ तिकीट

प्रवासात सामान कमी असावं म्हणतात. आमचे साडू एकच डाग घेऊन निघतात, पण तो भलताच जड असतो. मुलाची हुशारी! बेळगावच्या स्टँडवर जोयड्याची बस पकडली आणि खानापूर यायच्या आत पुढच्या बाकांना पोराचा अबॅकसमधला नंबर कळला. लोंढ्यापर्यंत मागचे बाकही सुशिक्षित झाले.

पोरगा खिडकीला नाक लावून गप्प. ती खिडकी त्यानं चढताक्षणी सख्ख्या आईला कोपरानं सारून मिळवली होती. पुढे काळी व्याघ्र प्रकल्पाचं जंगल, आणि वाघ निघालाच तर तो आपल्याच बाजूनं निघणार, याबद्दल त्याला शंका नव्हती.

कंडक्टर आला. माझी बायको बेळगावची, तिला शून्य रुपयांचं तिकीट. कर्नाटकात 2023 पासून तिथल्या बायकांना साधी बस फुकट आहे. तिच्या सख्ख्या बहिणीच्या आधार कार्डावर कोल्हापूर, म्हणून तिला पूर्ण. बहिणी-बहिणींत सरकारनं आणलेला हा दुरावा अजून मिटलेला नाही.

"आणि एक हाफ," साडू म्हणाले. "अकरा वर्षांचा आहे."

कंडक्टर कानडीत काहीतरी पुटपुटला आणि त्यानं हाफ दिलं. थोड्या वेळानं साडूंनी शेजारच्या गृहस्थांना, आठवीच्या शिष्यवृत्तीत चिरंजीव कसे चमकले ते रंगवून सांगितलं. कंडक्टर वळला आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, "साहेब, अकराव्या वर्षी आठवी? मग उरलेला अर्धाही द्या. एवढ्या हुशार मुलाला हाफ शोभत नाही."

कौतुकाचे असे रोख पैसे मोजताना मी दुसरा बाप पाहिलेला नाही.

रामनगरला एक म्हातारी चढली. जागा नव्हती, आमच्याजवळच दांडी धरून उभी राहिली. गणेशगुडी जवळ आली तशी साडूंनी तोंडी परीक्षा सुरू केली.

"सांग काकांना, सुपा धरणाची उंची?"

"101 मीटर."

"नदी?"

"काळी."

"पूर्ण कधी झालं?"

"1987."

"वीज?"

"100 मेगावॅट."

साडूंनी बसभर नजर फिरवली. टाळ्या पडल्या नाहीत. म्हातारी तेवढी कोंकणी वळणाच्या मराठीत म्हणाली, "आणि आमचं सुपं?"

हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा होता. सुपं हे तालुक्याचं गाव. धरणाच्या पाण्याखाली ते गेलं, कचेऱ्या जोयड्याला गेल्या, कितीतरी माणसं रामनगरला वसवली गेली. म्हातारी जोयड्याला लेकीकडे निघाली होती. वाटेत पाणी दिसतं तेवढं तिला बघायचं होतं. पण बसमध्ये उभ्या माणसाला खिडकीतून दिसतात ते रस्त्याकडेचे बुंधे.

साडू शेजाऱ्याला टीएमसी म्हणजे काय ते समजावत होते. पोरगा उठला, म्हातारीला आत सरकू दिलं आणि दांडी धरून उभा राहिला. म्हातारीनं गजांना कपाळ टेकलं. पाणी आलं, बराच वेळ बरोबर चाललं आणि झाडांमागे गेलं.

तेव्हा कुठे साडूंचं लक्ष गेलं. "अरे, खिडकी का सोडलीस? फुल तिकीट काढलंय तुझं!"

"आजींना गाव बघायचं होतं," पोरगा म्हणाला. "मला धरण पाठ आहे."

जोयड्यात उतरल्यावर साडूंनी चहावाल्याला उंची, मेगावॅट आणि शिष्यवृत्ती सगळं ऐकवलं. खिडकीचं सांगितलं नाही. त्याला मार्क नसतात ना! म्हणून ते मी सांगतोय. तुम्हीही त्या बाजूला जाच, आणि कंडक्टरला पोराचं वय खरं सांगा. त्याला मराठी येतं.