सिंगल हँड, पेपर क्लिअर

वर्ध्यात जुनी गाडी विकायला निघालेला माणूस सगळ्यांत आधी एक डॉक्टर शोधतो. गाडी तपासायला नव्हे, जाहिरातीत घालायला. ‘डॉक्टरांनी वापरलेली, सिंगल हँड, पेपर क्लिअर’ एवढं लिहिलं की गाडीच्या अंगावर झूल चढते. डॉक्टर गाडी घर ते दवाखाना एवढीच चालवतात, सर्व्हिसिंग वेळेवर करतात आणि पैशाला पाहत नाहीत, अशी लोकांची समजूत आहे. सेवाग्राम आणि सावंगी मेघे अशी दोन मेडिकल कॉलेजं जवळ असल्यामुळे डॉक्टरांना तोटा नाही, हे खरं. तरी बाजारातल्या ‘डॉक्टरांच्या’ गाड्या मोजल्या, तर इथले डॉक्टर दर सहा महिन्यांनी गाडी बदलत असावेत.

आधीच्या मालकाच्या नावाला भाव येतो, ही काही फक्त वर्ध्याची समजूत नाही. जर्मनीत एका तरुणाने 2005 च्या सुरुवातीला एक वापरलेली फोक्सवॅगन गोल्फ घेतली. कागदपत्रांत आधीचा मालक म्हणून योसेफ रात्झिंगर असं नाव होतं. एप्रिलमध्ये हेच गृहस्थ सोळावे बेनेडिक्ट म्हणून पोप झाले. तरुणाने गाडी ईबेवर लिलावाला लावली आणि मे महिन्यात ती जवळजवळ 1 लाख 89 हजार युरोंना गेली. घेणारी कंपनी ऑनलाइन जुगाराची होती. रात्झिंगर स्वतः गाडी चालवत नसत, असंही तेव्हा छापून आलं. म्हणजे सिंगल हँड सोडाच, मालकाचा हातच न लागलेली गाडी!

बोरगाव मेघेच्या एखाद्या ले-आउटमध्ये राहणाऱ्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या काकांकडे असलं काही भांडवल नसतं. एमएच 32 ची एक पांढरी हॅचबॅक, सीटवरची प्लॅस्टिकची कव्हरं (खालची कव्हरं खराब होऊ नयेत म्हणून) आणि आजवरच्या सगळ्या पावत्यांची फाइल, एवढाच त्यांचा ऐवज. गाडी काढायची बातमी कळली की आधी शेजारी येतात. ‘कितीले देऊन राहिले जी?’ काका आकडा सांगतात. शेजारी टायरला हलकेच लाथ मारतात आणि ‘एवढे कोन देते?’ म्हणून चहा पिऊन जातात. पुढच्या आठवड्यात मोबाइलवर अनोळखी माणसं उगवतात. त्यांना गाडी पाहायची नसते, फोटोही नको असतात. त्यांचा एकच प्रश्न असतो: ‘लास्ट किती?’ पहिला आकडा सांगायच्या आत शेवटचा मागणारी ही जमात काकांना सोसत नाही. मग नागपूरला नोकरी करणारा मुलगा म्हणतो, ‘बाबा, ऑनलाइन लिलावाला लावू.’

या लिलावाची पद्धत तशी साधी आहे. कंपनीचा माणूस घरी येऊन गाडी तपासतो, फोटो आणि दोषांची यादी ॲपवर चढवतो. मग गावोगावचे डीलर आपापल्या मोबाइलवर बोली लावतात. सगळ्यांत वरची बोली मालकाला दाखवतात. ती पटली तर व्यवहार, नाहीतर गाडी पुन्हा शेडमध्ये.

खरा प्रसंग तपासणीचा. पाठीवर सॅक घेतलेला पोरगा भर उन्हात येतो आणि पाण्याचा ग्लास रिकामा करून खिशातून एक छोटंसं यंत्र काढतो. ते पत्र्याला टेकवलं की रंगाच्या थराची जाडी दिसते. टपावर एक आकडा, बॉनेटवर जवळपास तोच, डाव्या मागच्या दारावर मात्र दुपटीहून जास्त. ‘काका, हे दार रिपेंट आहे नं?’ काका म्हणतात, ‘अगा, नुसतं टेकलं होतं.’ कशाला टेकलं होतं, हे स्वयंपाकघरातून काकू सांगतात. मग तो इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढतो, तिथून धूर येतो का ते वाकून पाहतो आणि काचांच्या कोपऱ्यातले बारीक अंक वाचून कुठली काच नंतर बदलली तेही सांगतो. काका पावत्यांची फाइल पुढे करतात, तो तिचा एक फोटो काढून परत देतो. म्युझिक सिस्टीम, नवी मॅटिंग, डॅशबोर्डवरचे गजानन महाराज, यांना ॲपमध्ये रकाना नसतो.

जॉर्ज ॲकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली नेमक्या जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. विकणाऱ्याला गाडीची खोड माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना पडता भाव देतो आणि चांगल्या गाडीचा मालक बाजारातून निघून जातो. दोन-तीन नियतकालिकांनी परत पाठवलेल्या या निबंधाच्या लेखकाला 2001 मध्ये नोबेल मिळालं. बोरगावात हेच ज्ञान टायरला लाथ मारून दिलं जातं, पण त्याला कोणी विचारत नाही.

लिलाव सुरू होतो तेव्हा घरात भारत-पाकिस्तान सामन्याची शेवटची ओव्हर चालू असावी तशी शांतता असते. आकडा दोन-दोन हजारांनी चढतो, मग पाचशेने, मग थांबतो. काकांच्या मनातल्या आकड्यापासून तो चांगलाच खाली असतो. काका मनात भाव ठरवतात तो शेगावच्या वाऱ्या, मुलीचं लग्न आणि लॉकडाउनमध्ये घरी चाललेलं इंजिन धरून. डीलर धरतो दार, टायर, स्वतःचा नफा आणि गाडी पडून राहील तितक्या दिवसांचं व्याज. दोघांचंही गणित बरोबर असतं.

काकांचा राग समजण्यासारखा आहे, कारण त्यांच्या पिढीने उलटा बाजार पाहिला आहे. वर्ध्याच्या जमनालाल बजाज यांच्या घराण्यातल्या कंपनीची चेतक स्कूटर परमिट राजच्या काळात नंबर लावूनही वर्षानुवर्षं मिळत नसे. त्यामुळे चालवलेली चेतक नव्या चेतकपेक्षा महाग विकली जाई. तेव्हा विकणारा खुर्चीत बसायचा आणि घेणारा उभा राहायचा.

लिलावात भाव कशाला येईल, याचा नेम मात्र खरंच नाही. सक्तवसुली संचालनालयाने एप्रिल 2019 मध्ये नीरव मोदी आणि मेहुल चोक्सी यांच्या गाड्या एमएसटीसी या सरकारी कंपनीमार्फत ऑनलाइन लिलावात काढल्या. त्यात रोल्स रॉइस घोस्टवर 1 कोटी 33 लाखांची बोली लागली. त्याआधी डिसेंबर 2015 मध्ये मुंबईच्या सरकारी लिलावात दाऊद इब्राहिमची ह्युंदाई ॲक्सेंट 32 हजारांना गेली. ती घेणारे हिंदू महासभेचे स्वामी चक्रपाणी यांनी गाझियाबादला नेऊन जाळली. ‘ॲव्हरेज किती देते?’ हे न विचारणारं हे बहुधा एकमेव भारतीय गिऱ्हाईक.

काका शेवटी हो म्हणतात. पैसे खात्यात येतात, गाडी जाते, शेडमध्ये सायकल येते. आणि तिसऱ्या दिवशी मोबाइल वाजतो: समृद्धी महामार्गावर टोल कापला गेला, काकांच्याच फास्टॅगमधून. गाडी विकली, पण टॅग बंद करायचा राहिला.

टोल परवडला. नोंदणीवरचं नाव राहिलं तर परवडत नाही. एका माणसाने 2007 साली विकलेली गाडी पुढे हातोहात फिरली आणि 2009 मध्ये तिचा अपघात झाला. नोंदणी मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर होती. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2018 मध्ये भरपाईची जबाबदारी त्याच्यावरच टाकली.

तेव्हा भाव दोन हजारांनी कमी आला म्हणून आठवडाभर हळहळणाऱ्यांनी त्यातले दोन तास आरटीओच्या कागदांना द्यावेत. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर 14 दिवसांत फॉर्म 29 ने कळवावं लागतं. घेणारा डीलर असेल तर त्याचं अधिकृत प्रमाणपत्र मागा. 1 एप्रिल 2023 पासूनच्या नियमांनुसार, गाडी ताब्यात दिल्याची ऑनलाइन नोंद झाली की जबाबदारी त्याची. गाडी एप्रिल 2019 च्या आधीची असेल तर नवी उच्च-सुरक्षा नंबरप्लेट (एचएसआरपी) आधी बसवा, नाहीतर नाव बदलायचं काम तिथेच अडेल. आणि फास्टॅग किल्ली देण्यापूर्वी बंद करा.