आकाशवाणी ऐकायला शिका: माटुंगेकर नवशिक्यांसाठी

आधी पात्रता पाहू. तुमचं वय पन्नाशीच्या आत असेल, घरात स्मार्ट टीव्ही असेल आणि ‘आकाशवाणी’ म्हटलं की तुम्हाला फक्त आमदार निवास आठवत असेल, तर हे धडे तुमच्यासाठी आहेत. पासष्टीच्या पुढच्यांनी वाचू नयेत. त्यांना सगळं येतं आणि ते मध्येच दुरुस्त्या सुचवतात.

साहित्य फार लागत नाही. एक ट्रान्झिस्टर हवा. माटुंग्यात तो दुकानात मिळण्यापेक्षा माळ्यावर सापडण्याची शक्यता जास्त. सेलचं झाकण हरवलेलं असणारच. तिथे रबर बँड लावावा. मागच्या खणात रेडिओ लायसन्सचं जुनं पुस्तकही सापडेल. रेडिओ ऐकण्यासाठी पोस्टात पैसे भरावे लागत, हे वाचून हसू नका. 1927 साली वर्षाला दहा रुपये पडत, आणि ही पद्धत थेट 1980च्या दशकापर्यंत चालली. ते पुस्तक जपून ठेवा, शेवटच्या धड्यात लागेल.

आता स्टेशन लावू. मुंबई केंद्राची अस्मिता वाहिनी मीडियम वेव्हवर 558 किलोहर्ट्झला आहे. काटा तिथे नेलात की प्रथम बातम्या लागत नाहीत, खरखर लागते. घाबरू नका. मीडियम वेव्हचा अँटेना रेडिओच्या पोटात आडवा बसवलेला असतो आणि तो दिशेच्या बाबतीत हट्टी असतो. प्रक्षेपण मालाडहून होतं, म्हणून संच खिडकीत ठेवून हळूहळू फिरवा. एका विशिष्ट कोनात निवेदिका अचानक घरात आल्यासारखी बोलू लागेल. मग मोबाइलचा चार्जर काढा आणि एलईडी दिवे बंद करा. फाइव्ह गार्डनच्या बाजूला राहणाऱ्यांना हे सोपं जातं. रेल्वेलगतच्यांनी लोकल जाईपर्यंत थांबावं. माटुंग्याच्या एका अंगाला मध्य रेल्वे आणि दुसऱ्या अंगाला पश्चिम, त्यामुळे थांबायची सवय आपल्याला आहेच.

हे जमत नसेल तर एफएमवर 107.1ला रेनबो किंवा 102.8ला विविध भारती लावा, नाहीतर सरळ ‘न्यूजऑनएअर’ हे ॲप घ्या. ॲपवर आवाज स्वच्छ येतो. शेजारच्यांना मात्र तुम्ही आकाशवाणी ऐकता हे कळत नाही, आणि माटुंग्यात निम्मा फायदा तोच असतो.

पहाटे प्रक्षेपण सुरू होताना जी धून वाजते ती एकदा तरी पूर्ण ऐका. शिवरंजनी रागाच्या अंगाने जाणारी ही धून रचली वॉल्टर कॉफमन यांनी. नाझींच्या सावटामुळे प्रागहून 1934 साली ते मुंबईला आले आणि इथल्याच केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचं काम पाहू लागले. म्हणजे देशाला रोज जागं करणारा सूर एका निर्वासित ज्यू माणसाने या शहरात बसून दिला. पहाटे उठणं जमत नसेल तर ही माहिती तरी चारचौघांत सांगावी.

यापुढचा धडा बातम्यांचा, आणि तो अवघड आहे. सर्वप्रथम हे समजून घ्या की रेडिओवरच्या बातम्यांच्या बाबतीत तुम्हाला निवड नाही. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला या देशात परवानगी नाही. वाहतूक, हवामान, परीक्षा, क्रिकेट इतकं त्यांनी सांगावं; राजकारण सांगायचंच असेल तर आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावावं. किंग्ज सर्कलच्या पुलाखाली पाणी तुंबून तुम्ही अडकलात, तर पाणी तुंबल्याचं खासगी एफएमचा निवेदक विनोद करत सांगेल. ते दरवर्षी का तुंबतं, याची बातमी तो देऊ शकत नाही. आकाशवाणी देऊ शकते. देतेच असं नाही.

बातमीपत्र उलट्या बाजूने ऐकावं, असा माझा सल्ला आहे. सुरुवात नेहमी दिल्लीच्या सर्वांत मोठ्या खुर्चीपासून होते आणि पायरी पायरीने खाली येत शेवटी हवामान येतं. तुमच्या कामाचं बहुतेक शेवटच्या दोन मिनिटांत असतं. मधल्या भागात मंत्री ‘स्पष्ट करतात’ आणि विरोधक ‘आरोप करतात’. एवढी खूण कळली की कोण कुणीकडे बसलंय हे डोळे मिटून सांगता येतं. स्पर्धा परीक्षेची मुलं चालू घडामोडींसाठी हेच बातमीपत्र ऐकतात आणि मंत्री, योजना, उद्घाटनं वहीत उतरवून घेतात. त्यांना त्यातून मार्क मिळतात. तुम्हाला मिळायचं ते वेगळं आहे: बातमीत काय आलं नाही ते ओळखणं. त्यासाठी सकाळी दारात पडलेलं वर्तमानपत्र शेजारी ठेवून दोन्हींची यादी ताडून पाहावी. हा सराव रोज करावा, पण अपचन असेल तेव्हा करू नये.

आवाजाची तक्रार मात्र करता येणार नाही. पुणे केंद्रावरून सुधा नरवणे प्रादेशिक बातम्या देत, तेव्हा बातमी कसलीही असो, ती सांगणारी व्यक्ती डोकं शांत ठेवून आहे एवढा दिलासा लोकांना असे. आजच्या वाहिन्यांवरचा आरडाओरडा ऐकल्यावर नवशिक्याला ही शांतता सुरुवातीला बिघाडच वाटते.

घाई आणि उशीर यांचाही अभ्यास करा. 22 मार्च 1979 रोजी जयप्रकाश नारायण गेल्याचं खुद्द पंतप्रधानांनी संसदेत सांगितलं आणि आकाशवाणीने ते देशभर पोचवलं. जयप्रकाश तेव्हा आपल्या मुंबईत, जसलोक रुग्णालयात होते आणि जिवंत होते. त्यानंतर ते सहा महिन्यांहून अधिक जगले. बातमीची खातरजमा करायला पेडर रोडवर एक माणूस पाठवला असता तरी पुरलं असतं; पण दिल्लीने सांगितल्यावर पेडर रोडला विचारायचं कशाला? पुढे 31 ऑक्टोबर 1984 रोजी उलटं झालं. इंदिरा गांधींवर सकाळीच गोळ्या झाडल्या गेल्या, बीबीसीने त्यांच्या मृत्यूची बातमी दुपारीच दिली, आकाशवाणीने संध्याकाळी. दोन्ही वेळा बातमी खालून वर गेली नाही, वरून खाली आली. माझ्या मते या संस्थेचं मूळ दुखणं हेच आहे, आणि ते कुठल्याही एका पक्षाचं नाही. आणीबाणीत लोक ‘ऑल इंदिरा रेडिओ’ म्हणत. ते सरकार गेलं, पुढे ‘प्रसार भारती’चा कायदा 1990 साली झाला. तो अमलात यायला 1997 उजाडलं. स्वायत्ततेच्या बाबतीत आपल्याकडे मीडियम वेव्हसारखंच आहे, लांबून येतं आणि खरखरतं.

एक तारीख पाठ करावी, 12 नोव्हेंबर. 1947 साली या दिवशी गांधीजी दिल्लीच्या आकाशवाणी केंद्रात आले आणि कुरुक्षेत्राच्या छावणीतल्या निर्वासितांशी बोलले, म्हणून हा लोकसेवा प्रसारण दिन. त्याच्या बरोबर पाच वर्षं आधी, 1942च्या 12 नोव्हेंबरला, मुंबईत उषा मेहतांना पोलिसांनी पकडलं. त्या आणि त्यांचे साथीदार जागा बदलत बदलत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवत होते आणि सरकारी रेडिओ दडपत असलेल्या बातम्या देत होते. तो लोकसेवा प्रसारण दिन साजरा करताना त्यांचंही नाव घ्यायला हरकत नसावी.

बातम्यांचा ताण आला की काटा न हलवता थांबा. गाणं सुरू होईल. इथे आकाशवाणीशी वाद घालण्याचं कारण उरत नाही, घातलाच तर प्रेमाने. 1952 नंतर माहिती मंत्री बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांनी सिनेसंगीताला रेडिओवरून जवळजवळ हद्दपार केलं. देश उठून रेडिओ सिलोनकडे गेला आणि अमीन सायानींचा झाला. लोकांना परत आणायला 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविध भारती काढावी लागली. केसकरांना हसायची पद्धत आहे. मराठी माणसाने मात्र जरा जपून हसावं. सिनेगीतांची जागा भरायला केंद्राकेंद्रांवर सुगम संगीताला बळ मिळालं, आणि नेमक्या त्याच मधल्या वर्षांत, 1 एप्रिल 1955 रोजी, पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं. माडगूळकर आणि फडके यांची छप्पन गीतं, वर्षभर. मंत्र्याच्या हट्टातून एवढं बरं क्वचितच निघतं.

पेटीवरही बंदी होती, 1940पासून 1971पर्यंत. पेटीत मींड निघत नाही म्हणून. यशवंत नाट्यमंदिराच्या आसपास राहणाऱ्या कुणालाही विचारा, पेटीशिवाय नाट्यपद म्हणजे काय ते.

नाटकाचं वेड असेल तर जुन्या नभोनाट्यांकडे वळा. मुंबई केंद्रावरच्या ‘पुन्हा प्रपंच’ या श्रुतिकामालेतले बाळ कुडतरकरांचे टेकाडे भावजी आणि नीलम प्रभूंच्या मीना वहिनी लोकांना घरच्या वाटत. त्यांचे चेहरे बहुतेकांनी पाहिलेले नव्हते, आणि त्याने काही अडलं नाही. षण्मुखानंदला किंवा कर्नाटक संघात मैफलीला गेलात तर पुढच्या रांगेत कोण बसलंय, कुणी कुठली साडी नेसलीय हेही ऐकावं लागतं. रेडिओवर फक्त गाणं ऐकू येतं. गल्लीतले तमिळ मामा दुपारच्या मैफलीला ताल धरून बसतात, तेव्हा त्यांना हाक मारू नये. नवशिक्याला एवढं कळलं तरी पुष्कळ.

आता ते लायसन्सचं पुस्तक काढा. तुमच्या आजोबांनी या केंद्रासाठी वर्षानुवर्षं पैसे भरलेत आणि तुम्ही करातून भरताय. सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली सांगून ठेवलंय की रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे. तेव्हा एखादा कार्यक्रम आवडला तर कळवा, बातमी गाळली तर विचारा, आणि जुनं संग्रहातलं काही ऐकायचं असेल तर मागा. पत्ता: आकाशवाणी, बॅकबे रेक्लमेशन, मुंबई. पोस्टकार्ड अजूनही पन्नास पैशांत मिळतं.