मेजर मॅथ्स, मायनर काहीतरी

बारावीचा निकाल लागला की तळोद्यात बी.एस्सी.ला जाणारी बहुतेक पोरं केमिस्ट्री धरतात. त्यात त्यांची चूक नाही. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता गावावरून जातो आणि त्याच्या अंकलेश्वरच्या टोकाला केमिकलच्या कंपन्या आहेत. मॅथ्सची कंपनी कुठल्याच रस्त्याला लागत नाही. म्हणून एखाद्या पोरीने मॅथ्स लिहिलं की खिडकीमागचे भाऊसाहेब मान वर करून विचारतात, "नक्की ना ताई?"

पूर्वी तीन विषय घेतले की संपलं. आता नव्या शैक्षणिक धोरणात मेजर, मायनर आणि वर एक विषय परक्या शाखेचा. एका वर्षात बाहेर पडलात तर प्रमाणपत्र, दोन वर्षांत पदविका, तीन वर्षांत पदवी, चौथं काढलंत तर ऑनर्स. आमच्या वेळी पहिल्या वर्षानंतर घरी बसलेल्याला 'शिक्षण सोडलं' म्हणत. आता तो प्रमाणपत्रधारक. पदवीवर नाव येतं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचं. जळगावचं हे विद्यापीठ 1990चं, बहिणाबाईंचं नाव मिळालं 2018 साली. त्यांना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळे मेजर-मायनरच्या तक्त्यातून त्या सुटल्या.

लांब जाण्याचेही मार्ग आहेत. पुण्याला आयसर आहे, चेन्नईला मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट आहे, आणि भारतीय सांख्यिकी संस्थेच्या बंगळुरू केंद्रात बी.मॅथ. नावाची पदवीच आहे. प्रवेश परीक्षा अवघड, पण सांख्यिकी संस्थेची पास झालात तर वर विद्यावेतन मिळतं. घरात घोडं अडतं ते इथेच. फी घेणाऱ्या कॉलेजवर आपल्याकडे विश्वास असतो; शिकायचे उलट पैसे देतात म्हटल्यावर काकांना संशय येतो. शिवाय एवढ्या लांब जायचं तर इंजिनिअर होऊन यावं, नुसतं गणित करून काय यायचं?

बरं, इथेच राहिलं तरी पहिल्याच वर्षी वेगळा धक्का बसतो. बाजारातला व्यापारी मिरचीचं वजन, भाव, अडत तोंडी करतो. कॉलेजात आकडे जवळजवळ गायबच. तिथे सर एप्सिलॉन आणि डेल्टा घेऊन उभे. फळा भरून ते सिद्ध करतात की, सलग फलन एका टोकाला ऋण आणि दुसऱ्या टोकाला धन असेल तर मध्ये कुठेतरी शून्य होतंच. बोल्झानोने हे 1817 साली सिद्ध केलं. चांदसैली घाटातून धडगावला जीप नेणाऱ्याला विचारा, मधली प्रत्येक उंची लागल्याशिवाय माथा येत नाही हे तो गिअर बदलता बदलता सांगेल. पण 'दिसतंच आहे की' हे उत्तर सरांना चालत नाही. पोरगी ती सवय घरी आणते आणि मग 'लोक काय म्हणतील'ला पुरावा मागते. मॅथ्सचा खरा धोका हा आहे. नोकरीचं फार मनावर घेऊ नये.

आकड्यांचीच हौस असेल त्याने देवळालीच्या शाळेतले मास्तर द. रा. कापरेकर आठवावेत. आपला जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला ते साल घ्या, 1998. अंक उतरते लावा, चढते लावा, वजा करा: 9981 वजा 1899, म्हणजे 8082. पुन्हा तेच: 8820 वजा 0288, 8532. पुन्हा: 8532 वजा 2358, 6174. आता कितीही करा, 6174च. चारही अंक सारखे नसले की कुठलीही चार अंकी संख्या इथेच येऊन थांबते. कापरेकरांना हे 1949 साली सापडलं. मार्टिन गार्डनरने 1975 साली त्यांच्यावर लिहिलं तेव्हा कुठे जगाला कळलं. तोवर मास्तर निवृत्तही झाले होते.

आपल्याकडेही मॅथ्सवाल्यांची गाडी बहुधा मास्तरकीकडेच वळते. आधी बी.एड., मग पात्रता परीक्षा, मग अभियोग्यता चाचणी, मग भरतीची वाट. एखादी अनंत श्रेणी शेवटी कुठे पोचते की नाही, हे तपासायच्या चार-पाच कसोट्या बी.एस्सी.तच शिकवलेल्या असतात. पोरांनी त्या सगळ्या भरतीला लावून पाहिल्या आहेत.