दहा बाय दहाची तालीम

घरच्या व्यायामशाळेचा विस्तार करावा असं माणसाला वाटतं, ते आहे ते सामान वापरून झिजलं म्हणून नव्हे. पाच-पाच किलोच्या डंबेल्सची एक जोडी, मनगट पिळायचं स्प्रिंगचं एक यंत्र आणि कपाटावर गुंडाळून ठेवलेली योगा मॅट, एवढ्या भांडवलावर बोनकोडे गावात कितीतरी व्यायामशाळा आज सुरू आहेत. निदान बंद झाल्याचं कुणी जाहीर केलेलं नाही. त्यातल्या बऱ्याचशा 2020 सालच्या. त्या वर्षी मार्चमध्ये जिमना कुलूप लागलं ते महाराष्ट्रात निघालं 25 ऑक्टोबरला, दसऱ्याच्या मुहूर्तावर. मधल्या सात महिन्यांत ज्यानं त्यानं आपापली तालीम दिवाणाखाली स्थापन केली. अशा संस्थांच्या चालकांसाठी पुढील मार्गदर्शन आहे. वाचण्यापूर्वी वॉर्म-अप केला नाही तरी चालेल.

प्रथम जागेची पाहणी करावी. अमेरिकन व्हिडिओतल्या माणसाकडे गॅरेज असतं. बोनकोड्यात गाडी गल्लीत उभी राहते, तीही दुसऱ्याच्या दारात. 1970 साली सिडको आली, भोवतालची भातशेती गेली, तिथं कोपरखैरण्याचे सेक्टर पडले आणि गावठाण मध्ये उरलं. कुटुंबं वाढली, आडवं पसरायला वाव नव्हता, म्हणून घरं वर गेली. सरकारी भाषेत त्यांना ‘गरजेपोटी बांधलेली घरं’ म्हणतात. आपली व्यायामशाळाही गरजेपोटीच आहे, हे घरच्यांना पटवून देताना हा शब्दप्रयोग कामी येतो.

खोली दहा बाय दहा धरू. ऑलिंपिकमध्ये पुरुष जो बार उचलतात तो 2.2 मीटर लांब असतो, म्हणजे जवळजवळ सव्वासात फूट. दोन्ही अंगांना मिळून उरले पावणेतीन फूट. त्यातले दीड फूट लोखंडी कपाटाचे. बारच्या टोकाला प्लेट चढवायची तर तिच्या मागे माणूस उभा राहायला हवा, आणि तो आता फक्त खिडकीबाहेर उभा राहू शकतो. शेजारच्या इमारतीतला गृहस्थ मनमिळाऊ असेल तर आपल्या खिडकीतून हात घालून तोच प्लेट चढवून देईल. गावठाणात दोन इमारतींमध्ये तेवढंच अंतर आहे. पण रोज पहाटे साडेपाचला त्याला उठवणं बरं दिसत नाही. सबब, पाच फुटी रॉड घ्यावा.

रॉड घेताना दुकानदार ‘हेवी ड्यूटी’ असं म्हणेल. त्यावर काही बोलू नये. आपल्या भागात बांधकाम कधी थांबत नाही, त्यामुळे जवळच कुठेतरी स्लॅबची सळई बांधणारा फिटर असतोच. सळईचं वजन काढायचं त्याचं सूत्र त्याला झोपेतही पाठ असतं: मिलिमीटरमधल्या जाडीचा वर्ग, भागिले 162, उत्तर दर मीटरला किलो. 28 चा वर्ग 784, भागिले 162, आले 4.84. पाच फूट म्हणजे 1.52 मीटर. गुणाकार केला की सात किलो आणि वर साडेतीनशे-चारशे ग्रॅम. 28 मि.मी.चा भरीव रॉड एवढा भरायलाच हवा. काट्यावर चार किलो भरला तर आत पोकळ आहे, आणि तो पडदे लावायला उत्तम. गणित पुरं होईपर्यंत दुकानदाराच्या डोळ्याला डोळा भिडवून ठेवावा. ‘हेवी’ हा शब्द तो आपणहून मागे घेतो.

आता प्लेटा. बाजारात दोन पंथ आहेत. एक ओतीव लोखंडाचा. दुसरा पीव्हीसीच्या कवचात सिमेंट-काँक्रीट भरलेला. ‘होम जिम कॉम्बो’ या नावाखाली हातमोजे, दोरीउड्यांची दोरी आणि पाण्याची बाटली यांच्यासह तो स्वस्तात घरपोच येतो. पहिल्या महिन्यात तो मुळीच वाईट नाही; दहा किलो हे दहाच किलो, पाठीच्या कण्याला धातू कळत नाही. अडचण पुढे येते. काँक्रीट लोखंडापेक्षा साधारण तिपटीनं हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाला तिप्पट आकारमान लागतं. रॉडला प्लेटांसाठी मिळतात दोन्ही टोकांना आठ-दहा इंच. त्यात सिमेंटच्या जाड चकत्या तीन-चार बसल्या की रॉड भरला. ताकद वाढली आणि वाढवायला जागा नाही, अशी अवस्था होते. शिवाय असली प्लेट एकदा कडेवर आपटली की आतून भुगा गळायला लागतो आणि झाडू मारणारी व्यक्ती तुमच्या व्यायामाविषयी मत व्यक्त करते. विस्तार करायचाच असेल तर लोखंड घ्यावं. महाग पडतं, पण दहा वर्षांनीही ते भंगारात किलोवर जातं. सिमेंटला भंगारवाला हात लावत नाही.

त्याच भंगारवाल्याकडे इलेक्ट्रॉनिक काटा असतो. नवीन प्लेट आधी तिथं न्यावी. वर ‘10’ असं ओतलेलं असलं म्हणून ती दहा भरेलच असं नाही, आणि डावी-उजवी सारखी नसली की माणूस एका खांद्यानं मोठा होत जातो.

रंगाच्या मुद्द्याकडे अनेकजण दुर्लक्ष करतात. वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेत 25 किलोची प्लेट लाल, 20 ची निळी, 15 ची पिवळी आणि 10 ची हिरवी असते. आपल्या 10 किलोच्या काळ्या प्लेटा लाल रंगवून घेतल्या तर ऑइल पेंटच्या एका छोट्या डब्यात फोटोपुरते प्रत्येकी पंधरा किलो वाढतात. या मार्गदर्शिकेतली सर्वांत स्वस्त वाढ हीच.

डब्यावरून आठवलं. 20 लिटरचा रंगाचा रिकामा डबा कुठल्याही साइटवर मागितला तर मिळतो. पाणी भरलं तर वीस किलो, कोरडी वाळू भरली तर बत्तीसच्या आसपास, काँक्रीट ओतलं तर अठ्ठेचाळीस. कडीला धरून गॅलरीपासून मोरीपर्यंत येरझाऱ्या घालाव्यात. इंग्रजीत या व्यायामाला फार्मरचं नाव आहे; आपल्याकडे नळ नव्हते तेव्हा बायका तो नावाशिवाय करत.

इथं एक धोका सांगायला हवा. कोपरखैरण्यात सिडकोनं माथाडी कामगारांसाठी घरं बांधली. वाशीच्या बाजारात पन्नास किलोची गोणी पाठीवर घेऊन दिवसभर चालणारी, साताऱ्याकडून आलेली माणसं आपल्या आजूबाजूला राहतात. अशा एखाद्या मामांच्या देखत वजन उचलू नये. दार उघडं राहिलं आणि ते आत डोकावले, तर संभाषण साधारण असं होतं:

“किती हाय ह्ये?”

“चाळीस, मामा.”

“आन् ह्ये न्यायाचं कुठं?”

“न्यायचं नाही कुठं. उचलायचं आणि इथंच ठेवायचं.”

“मग परत?”

“परत उचलायचं. दहा वेळा.”

“आन् गाडीमागं काय देत्यात?”

“जिममध्ये गेलं तर आपणच देतो, महिन्याला.”

यानंतर मामा काही बोलत नाहीत. चहाला थांबा म्हटलं तरी थांबत नाहीत. त्या दिवशी पुढचा सेट होत नाही.

जमिनीकडे वळू. राहत्या घराच्या खोलीवर चौरस मीटरला 2 किलोन्यूटन, म्हणजे साधारण 200 किलो चल भार धरावा, असं आयएस 875 या भारतीय मानकाचा दुसरा भाग सांगतो. दहा बाय दहाच्या खोलीत सव्वानऊ चौरस मीटर भरतात. कागदावर अठराशे किलोंवर झाले. आपला स्लॅब घालताना कंत्राटदारानं हे मानक उघडलं होतं का, हा प्रश्न मालकाला विचारू नये. त्यापेक्षा पूर्वेतिहास पाहावा. त्याच मजल्यावर हळद झाली आहे का? आगरी हळदीत बेंजोच्या ठेक्यावर रात्री दोनपर्यंत एकाच वेळी उडी मारणारा तीस-चाळीस माणसांचा जमाव ज्यानं पेलला, तो तुमचे साठ किलो लोखंड सहज पेलेल. मालकीणबाई आजी “बाला, स्लॅबला काय झाला त?” असं म्हणाल्याच, तर त्यांना त्यांच्याच नातवाच्या हळदीची आठवण करून द्यावी.

पेलणं वेगळं आणि ऐकू येणं वेगळं. खाली मॅट हवीच. ‘जिम फ्लोअरिंग’ या नावानं विचारलं की दुकानदाराच्या डोळ्यांत चमक येते. म्हणून व्यायामाचं नाव काढू नये. गाय घेतलीय असं सांगावं. गोठ्यात जनावरांच्या पायाखाली घालायची रबरी मॅट सुमारे साडेसहा बाय चार फुटांची, पंधरा-सतरा मि.मी. जाड असते आणि चाळीसएक किलो भरते. चारशे किलोची गाय तिच्यावर दिवसभर उभी राहते, बसते, उठते. आपल्याकडून याहून जास्त काही होणार नाही. सुरुवातीला रबराचा वास येतो, तो आठवडाभर दारात वाळवली की पुष्कळ कमी होतो. मात्र लक्षात असू द्या: मॅटनं फरशी वाचते, खालच्यांची दुपारची झोप वाचत नाही. धप्प हा आवाज रबरातूनही स्लॅबमध्ये उतरतो. वजन हातानं खाली ठेवावं. टाकण्याचा हक्क तळमजल्यावाल्यांचा.

स्क्वॅटसाठी स्टँड लागतो. तयार स्टँड बहुतेक मेरठ किंवा जालंधरकडचा असतो आणि त्याच्या किमतीत त्याचा प्रवासही असतो. त्याऐवजी खिडक्यांची ग्रिलं करणारा गाठावा. दोन इंची चौकोनी पाइप, पत्रा दोन मि.मी. वीस फुटांची एक लांबी साधारण अठरा किलो भरते. साडेचार फुटी दोन खांब, नऊ फूट. तीन-तीन फुटी दोन पाय, सहा. मधला आडवा तीन. झाले अठरा, उरलेल्या दोन फुटांत तिरपे आधार निघतात. रॉड ठेवायचे हुक मात्र जाड पट्टीचे करून घ्या आणि वेल्डिंग आपल्यासमोर सगळीकडून मारून घ्या. नुसते ठिपके मारून रंग फासला तर चालणार नाही. ग्रिलवाल्याला हे काय आहे ते नीट समजावून सांगा, नाहीतर सवयीनं तो वरच्या टोकाला भाला बसवून देतो.

बेंच नंतर घेतला तरी चालतो. जमिनीवर पडून प्रेस मारली की कोपर फरशीला टेकतं आणि वजन छातीवर येऊन बसत नाही. एकट्या माणसाला हे बरं. बेंच घेतलाच आणि धरायला कुणी नसेल, तर रॉडच्या टोकांना क्लिपा लावू नका. अडकलात तर एका बाजूला कलून प्लेटा सांडता येतात. हे वाक्य या लेखातलं एकमेव गंभीर वाक्य आहे, ते दोनदा वाचावं.

पुलअप बारची कथा दुःखद आहे. दाराच्या चौकटीवर नुसता अडकवायचा जो बार मिळतो, तो बाहेर डोकावणाऱ्या रुंद लाकडी पट्टीच्या भरवशावर बनवलेला असतो. आपली चौकट भिंतीच्या प्लास्टरशी सपाट. न्हाणीघराची तर पीव्हीसीची. बार अडकायला काही नसतं. आतून पिळून ताणायचा बार चौकटीला जखडतो खरा, पण ऐन वर जाताना गरकन फिरतो. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले. मल्लखांब, कुस्ती, जोडी-मुद्गल असा सगळा संसार त्यात आहे. पण भाड्याच्या खोलीत, डिपॉझिट परत मिळेल अशा बेतानं, बार कुठं ठोकावा हे तिथं सापडण्याची आशा धरू नये. आरसीसी बीममध्ये अँकर फास्टनरनं ठोकणं हाच एक खात्रीचा मार्ग. विटांच्या भिंतीत ठोकलात तर भिंत पुलअप काढेल.

ट्रेडमिल घेऊ नये. 1818 साली विल्यम क्युबिट नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं ती चक्की तुरुंगातल्या कैद्यांसाठी उभारली होती. पोट हलवणारा पट्टा, घाम काढणारं जॅकेट आणि टीव्हीवर रात्री साडेबारानंतर दिसणारी कोणतीही वस्तू यांबद्दल इथं लिहून जागा वाया घालवत नाही.

खाडी जवळ असल्यानं जून ते सप्टेंबर लोखंडाला घाम फुटतो, माणसाला फुटो न फुटो. क्रोमचा चकचकीत रॉड पहिल्याच पावसाळ्यात पापुद्रे सोडू शकतो. शिवणयंत्राच्या तेलाचं फडकं आठवड्याला एकदा फिरवलं की पुरतं. गोडेतेल लावू नये, त्याचा चिकटा होतो आणि मुंग्या येतात.

राहिली खरेदीची वेळ. नवं घेण्याची घाई नको. नव्या वर्षाचे संकल्प मार्चपर्यंत विक्रीला निघतात, आणि ‘जेमतेम वापरलेलं’ हे जाहिरातीतलं वाक्य इतर कुठल्याही धंद्यात नसेल इतकं खरं असतं. पण खरी पर्वणी भाडेकरू घर सोडतात तेव्हाची. आपल्याकडचे करार बहुधा अकरा महिन्यांचे. अकरावा महिना संपत येतो, टेम्पो ठरतो, आणि टेम्पोवाला लोखंड पाहून वर येण्याचे वेगळे पैसे सांगतो. बिल्डिंगला लिफ्ट नसते, जिना दोन फुटी, वळणावर फ्रिजदेखील आडवा करावा लागतो. अशा वेळी भावाची घासाघीस करू नये. “उतरवून मी नेतो” एवढंच म्हणावं. अर्धी किंमत तिथेच उतरते.

तेव्हा बोनकोड्यात किंवा सेक्टर 12 च्या आसपास कुणी या महिन्यात खोली सोडत असेल आणि चौथ्या मजल्यावर दहा-दहा किलोच्या लोखंडी प्लेटांची जोडी असेल, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी कळवावं. भाव त्याच्यापेक्षा किलोमागे पाच रुपये जास्त, हमाली आमची. सिमेंटच्या असतील तर कळवू नये.