लेन्स चिकटलेली बरी की सुटी?

निशी-कासाई, टोकियो

ती. बाबा व ती. सौ. आई यांस,


पत्रास कारण की, दादाला कॅमेरा घ्यायचाय आणि तो जपानमधूनच हवाय. त्याचे प्रश्न रोज व्हॉट्सअ‍ॅपवर येतात आणि तुमच्या जावयांची उत्तरं त्या प्रश्नांहून लांब असतात. परवा दोघांचा व्हिडिओ कॉल इतका रंगला की इकडे वरण करपलं आणि तिकडे वहिनीने फोन काढून घेतला. शेवटी तुम्हीच म्हणालात, "एकदा नीट लिहून कळव, म्हणजे मलाही काही कळेल." म्हणून लिहायला बसलेय. जावई शेजारी बसून दुरुस्त्या सुचवताहेत. मी त्या घेत नाहीये.

तर बाबा, आमच्याकडे दोन कॅमेरे आहेत, दोन्ही फुजीफिल्मचे. ह्यांचा एक्स-टी५, म्हणजे मिररलेस. जुन्या एसएलआरमध्ये लेन्समधून आलेलं दृश्य आपल्या डोळ्यापर्यंत पोचवायला आत एक आरसा असायचा आणि बटण दाबलं की तो खटकन वर उडायचा. तो आरसाच काढून टाकलाय. पॅनासॉनिकने २००८ मध्ये जी१ आणला तेव्हापासून हा प्रकार रुळला. पण लेन्स मात्र एसएलआरसारखीच फिरवून काढायची आणि हवी ती लावायची. "हवी ती" हे दोन शब्द लक्षात ठेवा, आमच्या घरातली सगळी भांडणं त्यांच्यातूनच निघतात.

माझा एक्स१०० सिक्स. याला एकच लेन्स, २३ मिलिमीटरची, आणि ती कारखान्यातच कायमची बसवलेली. झूमसुद्धा नाही. हा फेब्रुवारी २०२४ मध्ये इथे टोकियोतच जाहीर झाला आणि लोक असे तुटून पडले की दुकानांना तो सोडत काढून विकावा लागला. अगदी म्हाडाच्या घरांसारखी सोडत: अर्ज भरा, वाट पाहा, यादीत नाव शोधा. जावयांनी अर्ज भरला स्वतःसाठी, पण कॅमेरा घरी आला तेव्हा माझा वाढदिवस जवळ होता. पुढचं सांगायला नको.

गंमत अशी की या दोन्ही कॅमेऱ्यांच्या पोटात एकच माल आहे. सेन्सर तोच, ४० मेगापिक्सेलचा, प्रोसेसरही तोच. त्यामुळे "माझ्या कॅमेऱ्याचे फोटो जास्त चांगले" म्हणायची दोघांनाही सोय नाही. फरक उरतो तो लेन्सचा आणि कॅमेऱ्यामागच्या माणसाच्या स्वभावाचा. दादाला जे कुणी सांगत नाही ते हेच.

तुमचा आग्फा क्लिक थ्री आठवा. १२० ची फिल्म, त्यात १२ फोटो, संपले की संपले. त्याची लेन्स काढून दुसरी लावावी असं तुम्हाला कधी वाटलं? सगळे चौकटीत मावले नाहीत की तुम्ही मागे सरकायचात. आत्याच्या लग्नात असेच मागे सरकताना तुम्ही विहीणबाईंच्या भरल्या पानात पाय दिलात, हे आई अजून सांगते. (आई, आता परत सांगू नकोस.) माझ्या कॅमेऱ्याचं तंत्र तेच: जवळचं हवंय तर चार पावलं पुढे, सगळं हवंय तर चार पावलं मागे. काही दिवसांनी कॅमेरा डोळ्याला लावायच्या आधीच कळतं की चौकटीत काय येणार आणि काय नाही. मग मी कॅमेऱ्याचा विचार करायचं सोडते आणि समोरच्या माणसाकडे बघते.

जावयांचं तसं नाही. त्यांच्या पिशवीत १६-८० ची झूम आहे आणि ७०-३०० ची लांब झूम आहे. कॅमेऱ्यावर लावलेली असते ती नेहमी नको असलेली. आमच्या चिमीच्या वाढदिवसाला मेणबत्त्या पेटल्या तेव्हा लांबची लेन्स लावलेली होती, कारण सकाळी बाल्कनीत कुठलासा पक्षी आला होता. "थांब, थांब, फुंकू नकोस!" म्हणत ते लेन्स बदलायला लागले. चिमी सात वर्षांची आहे, बाबा. सात वर्षांचं मूल केकसमोर थांबत नाही. त्यांच्याकडे विझलेल्या मेणबत्त्यांच्या धुराचा फोटो आहे, आणि तो सुंदर आहे हे मी मान्य करते.

वजनाचंही सांगते. त्यांचा कॅमेरा बॅटरीसकट ५५७ ग्रॅम. त्यावर १६-८० चे ४४० आणि ७०-३०० चे ५८० घाला. दीड किलोच्या वर गेलं, पिशवी आणि चार्जर वेगळे. माझा सगळा मिळून ५२१ ग्रॅम. खिशात मावतो म्हणतात ते थापा मारतात, पण माझ्या पर्समध्ये छत्री, चिमीचा डबा आणि कॅमेरा हे तिघं सुखाने नांदतात. नेहमी बरोबर कोण असतं हे त्यावरून ठरतं.

आमच्याजवळच कासाई रिंकाई बागेत मत्स्यालय आहे. गोल टाकीत मोठाले ट्यूना मासे सारखे फिरत असतात आणि आजूबाजूला अंधार असतो. माझी लेन्स एफ-२ पर्यंत उघडते, ह्यांची १६-८० एफ-४ पर्यंतच. आकड्यांत फरक दुपटीचा वाटतो, पण उजेड चौपट शिरतो, कारण इथे भोकाचं क्षेत्रफळ मोजायचं असतं. बाबा, हे तुम्हाला दादापेक्षा लवकर कळेल. फ्लॅश मारला तर काचेवर आपलंच तोंड चमकतं. तिथे चिमीचे आणि ट्यूनाचे बरे फोटो माझे आले. बाहेर पडल्यावर जावई म्हणाले, "मीही २३ ची एफ-२ घेतो, फक्त १८० ग्रॅमची आहे." म्हणजे माझ्या कॅमेऱ्याची बरोबरी करायला आणखी एक लेन्स घ्यायची, आणि ५५७ अधिक १८० म्हणजे तरीही माझ्यापेक्षा दोनशे ग्रॅम जास्त! बदलत्या लेन्सचा हा खरा खर्च आहे. कॅमेरा एकदा विकत घेतात, लेन्स घेणं चालूच राहतं.

माझ्याच्या आणखी एका गोष्टीची मला भारी चैन वाटते. त्याचं शटर लेन्सच्या आतच बसवलेलं आहे, लीफ शटर म्हणतात, आणि त्याचा आवाज जेमतेम येतो. इथल्या फोनला तर फोटो काढताना मोठा "खचॅक" आवाज येतो. चोरून फोटो काढणाऱ्यांना आळा बसावा म्हणून तो बंद करण्याची सोयच ठेवत नाहीत. चिमीच्या शाळाप्रवेशाच्या समारंभात मुख्याध्यापक बोलत होते, सभागृह चिडीचूप, सगळ्यांचे फोन खचॅक खचॅक. मी मात्र मुकाट्याने माझं काम करत होते.

आता बदलत्या लेन्सची बाजू. ती नाही सांगितली तर हे पत्र पोस्टात पडणार नाही.

इथे शाळेत उन्दोकाइ असते, म्हणजे क्रीडादिन. मुलं लाल-पांढऱ्या टोप्या घालून धावतात आणि पालक सकाळीच येऊन मैदानाच्या कडेला चटया अंथरून जागा अडवतात. तिथे मी गेले माझा कॅमेरा घेऊन. शर्यत मैदानाच्या पलीकडे, आणि चार पावलं पुढे जावं तर मध्ये दोरी. माझ्या सगळ्या फोटोंत भरपूर आभाळ, भरपूर मैदान आणि कुठेतरी एक पांढरा ठिपका. ४० मेगापिक्सेल आहेत म्हणून कापून मोठा केला, तर ठिपक्याला दोन वेण्या दिसल्या, म्हणजे चिमीच असावी. जावयांनी ३०० वरून तिचा फोटो काढला: दोन्ही पाय हवेत, जीभ बाहेर, डोळे समोरच्या दोरीवर. कॅमेऱ्याने डोळा स्वतःच ओळखून धरून ठेवला होता. तो फोटो तुमच्या दिवाणखान्यात लागलाय, तो कुणाचा म्हणून विचारत होतात ना? त्यांचा.

धुळीचं असं आहे: लेन्स काढली की कॅमेऱ्याचं तोंड उघडं पडतं आणि सेन्सरवर कण बसतात. फुंकणीने ते घरच्या घरी उडतात. माझ्यात धूळ सहसा शिरत नाही, पण शिरलीच तर मला काही उघडता येत नाही, थेट दुरुस्तीला पाठवायचा. शिवाय दहा वर्षांनी सेन्सर जुना झाला की माझी चांगली लेन्सही त्याच्याबरोबर सती जाणार. ह्यांच्या लेन्स पुढच्या कॅमेऱ्यावर चढतील.

मग दादाने काय घ्यावं? तो दर पावसाळ्यात कासच्या पठारावर जातो. तिथे सीतेची आसवं नावाची फुलं नखाएवढी, आणि फुलं तुडवू नयेत म्हणून वाटेवरच राहायचं असतं. म्हणजे पुढे सरकण्याची माझी विद्या तिथे चालत नाही. त्याला लांबून बारीक फूल टिपणारी मॅक्रो लेन्सच हवी, म्हणून मिररलेस. रिमझिमीत लेन्स बदलू नकोस एवढं मात्र त्याला सांगा. घरून निघतानाच मॅक्रो लावायची आणि दिवसभर तीच ठेवायची.

पण तो कॅमेरा इथून नको. दादाला सोनीच हवाय, आणि सोनीचे जपानी बाजारासाठीचे बरेचसे कॅमेरे फक्त जपानी मेनूचे असतात. त्यांत भाषा बदलता येत नाही. मेनू जपानीत, वॉरंटी जपानात आणि दादा साताऱ्यात, असं व्हायला नको. कॅमेरा त्याने पुण्यात घ्यावा. लेन्सला मेनू नसतो, ती इथून आणते. शिंजुकूच्या आणि नाकानोच्या दुकानांत जुन्या लेन्स इतक्या निगुतीने ठेवलेल्या असतात की काचेवरचा केसाएवढा ओरखडासुद्धा चिठ्ठीवर लिहिलेला असतो. जावयांना तिथे जायला निमित्त मिळालं की ते सहा महिने खूश असतात.

आणि बाबा, तुम्हाला कॅमेरा नको असं तुम्ही तीनदा म्हणालात, म्हणजे हवाय. तुम्हाला रिकोचा जीआर थ्री चालेल. २५७ ग्रॅम, सदऱ्याच्या खिशात खरोखर मावतो, लेन्स एकच, मेनू इंग्रजीत करून देईन. बॅटरी लवकर संपते आणि बघायला खिडकी नाही, मागचा पडदाच. उन्हात हाताचा आडोसा धरावा लागेल. पण दाइदो मोरियामा नावाचे इथले मोठे छायाचित्रकार वर्षानुवर्षं याच जातीचे छोटे कॅमेरे घेऊन शिंजुकूच्या गल्ल्यांतून हिंडले. तुम्ही साताऱ्यात राजवाड्यावरच्या मंडईतून हिंडा.

दादा कॅमेरा घेईल तेव्हा त्याचं मॉडेल कोणतं ते विचारून मला नीट कळवा. नुसतं "सोनीचा" म्हणू नका, मॉडेलचं पूर्ण नाव हवं. चुकीची लेन्स आणली तर ती इथेच राहील, आणि आमच्या कपाटात आता जागा नाही.

आपली,
ताई