गळतीचा माग

पाणी शिरतं एकीकडून आणि उगवतं दुसरीकडे. उमरोळीत एक पावसाळा काढलेल्या कुणालाही हे ठाऊक असतं, तरी भिंतीला पोपडा आला की माणूस पोपड्यावरच पुट्टी थापतो. पाणी बिचारं खिडकीवरच्या छज्ज्याच्या सांध्यातून आत येतं, प्लास्टरमागून हातभर सरकतं आणि मग कॅलेंडरच्या मागे प्रकट होतं. थापलेल्या पुट्टीशी त्याचं काही देणंघेणं नसतं.

16 एप्रिल 2013 रोजी लोकल विरारच्या पुढे डहाणूपर्यंत धावू लागली आणि पालघर-बोईसरच्या मधलं आमचं छोटं स्टेशन एकाएकी मुंबईच्या जवळ आलं. भातखाचरांच्या कडेने इमारती उठल्या. त्यांच्या जाहिरातीतल्या चित्रांत बाग होती, झोपाळा होता, आभाळ कायम निळं होतं. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या मुलखात एकाही चित्रात छत्री असू नये, याचं तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही.

याच परिसरातल्या वारली पाड्यांवर जुन्या पद्धतीचं घर आजही दिसतं. कारवीच्या काठ्यांचा कुड आणि त्यावर शेणमातीचं लिंपण. शेणातले गवताचे तंतू मातीला धरून ठेवतात, म्हणून सुकताना भेगा कमी पडतात. पडल्याच तर पुन्हा हात फिरवायचा. कौलारू घरांचंही तसंच. पावसाआधी कुणीतरी छपरावर चढायचं, फुटकी कौलं बदलायची, सरकलेली नीट बसवायची. घर गळणारच, हे गृहीत धरून शाकारणी ठरलेली असे. आम्ही मात्र फ्लॅट घेतला तो कायमचा झालेला म्हणून. त्यामुळे ओलीचा पहिला डाग दिसला, की पंगतीत पान मांडायचं राहिलेल्या जावयासारखा फ्लॅटवाला दुखावतो. आधी बिल्डरला नावं ठेवतो, मग पावसाला, आणि सगळ्यात शेवटी हार्डवेअरच्या दुकानात जातो.

तिथे प्रश्न एकच असतो: “काका, एम-सील देऊ की व्हाइट सिमेंट?” आपली भेग कसली आहे, हे विचारायची पद्धत नाही. खरं म्हणजे तोच मुद्दा आहे. भिंत उन्हात किंचित फुगते, रात्री आक्रसते, आणि तिच्याबरोबर भेगही हलते. तिच्यात भरलेलं सिमेंट ताठ असल्यामुळे कडेने सुटतं आणि शेजारी नवी रेघ उमटते. अशा भेगेला आधी खरवडून खाच करायची, धूळ झाडायची, पूर्ण सुकू द्यायची आणि मग लवचीक सीलंट भरायचं. म्हणजे हे काम मे महिन्यातलं. पण मे महिन्यात भिंत कोरडी असते, आणि कोरड्या भिंतीची आठवण कुणाला येते?

भेगांच्या बाबतीत आमच्याकडे एक सोयही आहे. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे लहानमोठे धक्के बसू लागले, तेव्हापासून आमच्या सोसायटीतल्या प्रत्येक भेगेला भारदस्त कारण मिळालं आहे. अगदी 2018 च्या आधीच्या भेगांनासुद्धा.

तारापूर एमआयडीसीत नोकरी केलेला निदान एक गृहस्थ दर मजल्यावर असतो. केमिकलबद्दल त्यांच्यापुढे कुणी तोंड उघडायचं नाही. आमच्या इमारतीतले असे एक काका एम-सीलच्या दोन वड्या रंग एकजीव होईपर्यंत ज्या निष्ठेने मळतात, तेवढी पोळ्यांची कणीकही कुणी मळत नसेल. पण त्यांची एक युक्ती खरोखर कामाची आहे. ओलसर भिंतीवर प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून बसवायचा. एक-दोन दिवसांनी आतल्या बाजूला थेंब धरले तर पाणी भिंतीतून येतंय, बाहेरच्या बाजूला धरले तर ती खोलीतल्या हवेची वाफ. म्हणजे पुट्टी आणायची, की नुसती खिडकी उघडायची, याचा निकाल फुकटात लागतो.

नळाच्या आट्यांवर गुंडाळायची पांढरी टेफ्लॉन टेप मला सगळ्यांत आवडते. 1938 मध्ये अमेरिकेत रॉय प्लंकेट या रसायनज्ञाच्या सिलिंडरमधून वायू येईना. वजन मात्र सिलिंडर भरलेला असल्याचं सांगत होतं. कापून पाहिलं तर आत मेणचट पांढरी पूड. तेच टेफ्लॉन. त्याला काही चिकटत नाही, म्हणून तर ते कामाचं. आटे घसरत घसरत घट्ट बसतात आणि फटी भरतात. मात्र नळ ज्या दिशेने आवळायचा, त्याच दिशेने टेप गुंडाळावी लागते. उलटी गुंडाळली तर नळ फिरवताना ती गोळा होऊन बाहेर येते.

एवढं सगळं घरातल्या घरात जमतं. छताला ओल आली, की मात्र स्क्रॅपर ठेवून चप्पल घालावी लागते. बाथरूमच्या छतावरच्या डागाबद्दल बोलायला मी वर गेलो. वरच्या वहिनींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, “या ना आत,” म्हणाल्या आणि स्वतःच्या बाथरूमचं छत दाखवलं. डाग आमच्यापेक्षा मोठा होता. मग त्यांचे यजमान आणि मी मिळून आणखी एक जिना चढलो. तिथे चहा झाला, त्यांचाही डाग पाहून झाला. गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे असते, आणि सेक्रेटरी तळमजल्यावर राहतात.