अथ फोटोमीमांसा: दोरी, खुर्ची आणि हललेले मूल

जुना फोटो हातात आला की लोक त्यात आधी माणसे शोधतात. हे आजोबा, ही आत्या, हा पुढे मिलिटरीत गेला. या पद्धतीला आम्ही मध्यमार्ग असे नाव दिले असून तिचे साधार खंडन करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. फोटोच्या मधोमध बसलेला माणूस कधीही खरे बोलत नाही. तो आंघोळ करून, तेल चापून, ट्रंकेतला कोट बाहेर काढून, आठ दिवस आधी ठरवून तिथे बसलेला असतो. त्याच्या रोजच्या जगण्याबद्दल काही कळून घ्यायचे असेल तर त्याच्याकडे साफ दुर्लक्ष करावे आणि जिथे कोणाचेच लक्ष नव्हते त्या कडेला पाहावे. मध्य सजवलेला असतो, कड राहून गेलेली असते; म्हणून प्रमाण मानायची ती कडच.

प्रत्येक शास्त्राला आदिपुरुष लागतो. आमचा आदिपुरुष बूट पॉलिश करून घेतो आहे. १८३८ मध्ये लुई दागेरने पॅरिसच्या बुलवार द्यु तांप्ल या रस्त्याचा फोटो काढला. रस्ता चांगला वाहता होता, पण त्या काळी काचेला... नव्हे, दागेरच्या चांदीच्या मुलाम्याच्या पत्र्याला उजेड पचवायला काही मिनिटे लागत. तेवढ्यात घोडागाड्या गेल्या, बायाबापड्या गेल्या, आणि पत्र्यावर उमटला तो ओसाड रस्ता. शिल्लक राहिला एकच गृहस्थ, एक पाय वर ठेवून बूट पुसून घेणारा, कारण तो जागचा हलला नाही. फोटोत आलेला पहिला माणूस म्हणून जग त्याला ओळखते. तो मधोमध नाही, डावीकडे खालच्या कोपऱ्यात आहे, हे मध्यमार्गीयांनी ध्यानात घ्यावे.

यातून स्थैर्याचा नियम निघतो: जो हलत नाही तो इतिहासात राहतो. घरोघरच्या ग्रुपफोटोंत याचा व्यत्यास सापडतो. पुढे सतरंजीवर बसवलेल्या पोरांपैकी एकाला तोंडाच्या जागी धुरकट ढग असतो. गंमत अशी की नियम इथे उलटा फिरतो. नीट बसलेल्या भावंडांची नावे नातवंडांना आठवत नाहीत, पण “तो हललेला आहे ना, तो आपला बंडूकाका” हे तिसऱ्या पिढीलाही तोंडपाठ असते.

मागची पिढी ताठ मानेची होती असे व्याख्यानांतून ऐकू येते आणि पुरावा म्हणून तिचे फोटो दाखवतात. आम्ही ते फोटो भिंग लावून खालच्या बाजूने पाहिले. उभ्या गृहस्थाच्या टाचांमागे अनेकदा एक लोखंडी बैठक डोकावते. ती त्याची नव्हे, फोटोग्राफरची. तिच्यातून वर गेलेल्या दांड्याच्या टोकाला चिमटा असे आणि तो डोके मागून धरून ठेवी, म्हणजे काचेला लागणारे काही सेकंद मान डुलू नये. करारीपणाचा बराचसा भाग त्या दांड्याच्या खात्यावर जमा करावा लागेल.

आता हसण्याचा प्रश्न. पूर्वपक्ष असा की फोटोला वेळ लागे आणि तेवढा वेळ हसू टिकत नसे. ओल्या काचांच्या जमान्यापुरते हे ठीक. पण १८८० च्या सुमारास जिलेटिनच्या कोरड्या काचा रूढ झाल्या, चांगल्या उजेडात क्षणार्धात फोटो निघू लागला, तरी आमचे लोक पुढची दोन पिढ्या हसले नाहीत. तेव्हा दोष काचेचा नाही. कारण भिंतीत आहे. आपला हा फोटो पुढेमागे खिळ्यावर चढणार आणि एक दिवस त्याला हार पडणार, हे बसणाऱ्याला पक्के ठाऊक असे. स्वतःच्या तेराव्याला चारचौघांपुढे मांडायचा चेहरा करायचा, तर दात काढून कसे चालेल?

याहून गहन आहे ते कुंकवाचे प्रकरण. जुन्या काचांना निळे भरपूर दिसे, पिवळे जेमतेम आणि लाल अजिबात नाही. परिणामी जुन्या फोटोतले आकाश पांढरेफटक असते आणि लाल ते सगळे काळे. टिळकांची लाल पगडी काळी, विडा खाल्लेले ओठ काळे आणि सवाष्णीच्या कपाळावरचे ठसठशीत कुंकू बुक्क्यासारखे. पिवळी अष्टपुत्री नेसून बोहल्यावर चढलेली नवरी फोटोत काळवंडलेली दिसते आणि सत्तर वर्षांनी नात विचारते, “पणजी लग्नात काळी साडी नेसली होती? कसली धीट!” संक्रांतीखेरीज काळ्याला न शिवणाऱ्या त्या माउलीला हे ऐकून काय वाटले असते कोण जाणे. बंड तिने केले नव्हते, काचेवरच्या रसायनाने केले होते. लालही दिसणारी पॅनक्रोमॅटिक काच १९०६ मध्ये बाजारात आली, पण ती स्टुडिओत रुळायला बराच काळ गेला.

लाल न दिसण्याचा फटका सावळ्या कातडीलाही बसे. माणूस होता त्याहून दोन छटा गडद उमटे. उपाय होता टोकदार पेन्सिल. निगेटिव्हवर शिशाने जेवढ्या बारीक रेघोट्या ओढाव्यात, तेवढा छापलेला चेहरा उजळ येतो. फोटोग्राफर खिडकीशी बसून देवीचे व्रण बुजवी आणि गालफडे भरून काढी. स्थळाकडे पाठवायच्या फोटोवर तर शिसे सढळ हाताने पडे. निगेटिव्ह हाती लागलीच तर उजेडात तिरकी धरून पाहावी, गालांवरची पेन्सिलीची मेहनत स्वच्छ दिसते. पण पेन्सिल सहसा हनुवटीखाली उतरत नसे. म्हणून चेहरा एकीचा आणि मनगटे दुसरीची अशी अवस्था होई. खरा वर्ण पाहायचा असेल तर अभ्यासकाने कोपराकडे वळावे.

इथे प्रतिपक्ष विल्यम जॉन्सनला साक्षीला बोलावतो. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखी नाणावलेली मंडळी तिच्यात होती. त्याच वर्तुळातल्या जॉन्सनने मुंबईच्या जातीजमातींचे फोटो दोन खंडांत छापले, १८६३ आणि १८६६ मध्ये. त्यात त्याने स्टुडिओत बसवलेली माणसे कापून बाहेरच्या निराळ्या दृश्यांवर बसवली. म्हणजे कडसुद्धा खोटी! आक्षेप वजनदार आहे. आमचे उत्तर असे की सजवलेली कड ही कड नव्हेच. ती वेषांतर केलेला मध्य होय. तोच न्याय रंगवलेल्या पडद्यांना. ज्या तालुक्यात माणशी एक घागर पाणी मिळत नव्हते, तिथल्या स्टुडिओत मागे कारंजे उडते आहे. त्याकडे पाहू नये. पडदा जिथे जमिनीला टेकतो तिथे पाहावे: शेणाने सारवलेली भुई, तिच्यावर अनवाणी पाय आणि घोट्याच्या वर कोट. कोट स्टुडिओचा असे. तो बाह्यांतून लोंबतो तेव्हा गिऱ्हाईक बारीक होते आणि बटणांशी ताणतो तेव्हा सावकार.

नवरा खुर्चीत आणि बायको शेजारी उभी, या रचनेवर पुष्कळ विद्वत्ता खर्ची पडली आहे. पुरुषसत्ता वगैरे मुद्दे आम्हांला मान्यच आहेत. फक्त मागचेपुढचे फोटो ताडून पाहता, पुष्कळ स्टुडिओंत खुर्ची एकच होती या शक्यतेचाही विचार व्हावा.

आमच्या शास्त्राचे सुवर्णयुग मात्र पुढचे. ॲग्फाचा क्लिक थ्री कॅमेरा मध्यमवर्गाच्या घरात आला आणि स्टुडिओचा पडदा गळून पडला. रोलमध्ये फोटो अवघे बारा. पहिला देवाचा, दुसरा आजीचा, उरलेल्या दहांचा हिशेब आईकडे. सूर्य पाठीशी घेऊन काढायचा हा दंडक असल्याने समोरचे सगळे डोळे मिचकावत उभे आणि पायाशी फोटो काढणाऱ्या वडिलांची लांबलचक सावली. एवढ्या बंदोबस्तात मागची दोरी हटवायचे कोणालाच सुचले नाही. तिच्यावर वाळणारा परकर, गंजिफ्रॉक आणि ठिगळ लावलेली चादर पाहा. घरात माणसे किती, कमावते किती आणि धुणे आज उशिरा झाले की काय, हे सारे त्या दोरीवर मिळते. खालचा डालड्याचा पिवळा डबा, त्यात लावलेली तुळस. खिडकीतून दिसणारे, कोनाड्यात ढकललेले स्टोव्हचे बूड. भिंतीवर कालनिर्णय असेल तर फोटो १९७३ च्या आधीचा नाही, इतके तरी ठामपणे सांगता येते. मधोमध कोणाचा तरी वाढदिवस चालू असतो. त्याच्याशी आम्हांला कर्तव्य नाही.

कसर या टीकाकाराचाही इथे उल्लेख करायला हवा. तिला फोटोवरचे जिलेटिन आवडते आणि ते खाताना ती मानपान पाहत नाही. मधल्या रावसाहेबांचे नाक खाऊन तिने कडेचा गडी तेवढा शाबूत ठेवलेला आम्ही पाहिला आहे. आमच्या सिद्धान्ताला इतका निःपक्ष पाठिंबा दुसऱ्या कोणी दिलेला नाही.

शेवटचा प्रश्न अजून सुटायचा आहे. लग्नाच्या ग्रुपफोटोत उजव्या टोकाला एक माणूस असतो. तो कोण, हे कोणालाच सांगता येत नाही. वरपक्षाला तो वधूकडचा वाटतो, वधूपक्षाला वराकडचा, आणि दोन्हीकडच्यांना तो जेवून गेल्याचे पक्के आठवते. एकाच गावातल्या, वेगवेगळ्या घरांतल्या दोन लग्नांच्या फोटोंत आम्हांला तो त्याच बुशशर्टात सापडला. दोन्ही फोटोंत त्याची नजर कॅमेऱ्याकडे नाही आणि हात लोखंडी घडीच्या खुर्चीच्या पाठीवर आहे. त्या पाठीवर पांढऱ्या ऑइलपेंटने मंडप-डेकोरेटरचे नाव लिहिलेले आहे. आमचे अनुमान असे की तो कोणाचाच पाहुणा नाही. तो खुर्च्या मोजतो आहे.